३७० लीगांच्या रेषेमागे : लिस्बन ते तोर्देसियास, दहा दिवस

१४९४ साली तोर्देसियास गावी तह करून पोर्तुगाल आणि कास्तिलच्या (म्हणजे स्पेनच्या) राजांनी अटलांटिकवर एक रेषा ओढली. आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्दे बेटांपासून पश्चिमेला ३७० लीग, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. रेषेच्या पश्चिमेचं ते स्पेनचं, पूर्वेचं ते पोर्तुगालचं. सह्या झाल्या, शिक्के उमटले, पण ती रेषा समुद्रात नेमकी कुठे आहे हे मोजायचं साधन पुढची अडीचशेहून जास्त वर्षं कोणापाशीच नव्हतं. या दोन दर्यावर्दी देशांची सगळी चुरस त्या मोजमापाच्या अडचणीतून समजून घ्यावी. ती जिथे जिथे घडली त्या जागा दहा दिवसांत बघून होतात.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी. शेंगेन व्हिसा एकच लागतो आणि दोन्हीकडे युरो चालतो. पाहायची बहुतेक ठिकाणं सोमवारी बंद असतात, म्हणून सुरुवात शुक्रवारी करावी. मग सोमवार नेमका प्रवासात जातो. आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे आहे, हे चौथ्या दिवशी फार महत्त्वाचं ठरतं.

दिवस पहिला, शुक्रवार : बेलें

लिस्बनच्या मध्यातून १५ नंबरची ट्राम बेलेंला जाते. साडेनऊच्या आत पोचलं तर जेरोनिमुस मठाची रांग आवाक्यात असते. मठ आणि त्याला लागून असलेलं चर्च यांच्या रांगा वेगवेगळ्या असतात, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण चुकीच्या रांगेत तासभर उभे राहतात. वास्को द गामाची समाधी चर्चमध्ये आहे. ही वास्तू उभी राहिली त्यातला मोठा वाटा आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के कराचा होता. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेली मिरीही आली.

तिथून नदीकाठी यावं. या काठाचं जुनं नाव रेस्तेलू. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा इथूनच निघाला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या चार वर्षं आधी, ४ मार्च १४९३ ला, कोलंबसचं 'नीन्या' वादळाचा मार खाऊन याच ठिकाणी नांगरलं होतं, हे मात्र बहुतेकांच्या गावीही नसतं. स्पेनच्या राणीसाठी नवी भूमी शोधून आलेला माणूस युरोपच्या मुख्य भूमीला पहिल्यांदा टेकला तो प्रतिस्पर्ध्याच्या दारात. दुसऱ्या जुआंव राजाने त्याला भेटीला बोलावलं आणि सांगितलं, की १४७९ च्या अल्कासोवासच्या तहाप्रमाणे कॅनरी बेटांच्या दक्षिणेचं सगळं माझं आहे, तेव्हा तू शोधलेलं तेही माझंच. मग त्याने फ्रान्सिश्कु द अल्मेदाच्या हाताखाली आरमार सज्ज करायला घेतलं. हाच अल्मेदा १५०५ मध्ये पहिला व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात आला. त्याचा मुलगा लोरेन्सु १५०८ मध्ये आपल्या चौलच्या खाडीत लढताना मारला गेला. आणि १५०५ च्या त्याच आरमारात मॅगेलन नावाचा एक तरुणही होता.

दुपार नौदल संग्रहालयासाठी राखून ठेवावी. ते मठाच्याच पश्चिमेकडच्या भागात आहे. वास्को द गामाबरोबर प्रवास केलेली देवदूत राफाएलची मूर्ती इथे आहे, पण जास्त वेळ द्यावा तो दर्यावर्दी अ‍ॅस्ट्रोलॅबना. पितळेचं जाड कडं, मधे आडवे-उभे दांडे, बाकी सगळं पोकळ. वारा आरपार जावा म्हणून पोकळ, आणि हातात लोंबकळत ठेवल्यावर सरळ राहावं म्हणून बुडाशी जड. वजन साधारण दोन ते चार किलो. मधल्या खिळ्यावर फिरणारी एक पट्टी आणि तिच्या दोन टोकांना बारीक भोक पाडलेल्या दोन पत्र्या.

वापरायची रीत अशी. भर दुपारी अंगठीत अंगठा घालून ते टांगतं धरायचं. सूर्याकडे पाहायचं नाही. वरच्या भोकातून आलेला प्रकाशाचा ठिपका खालच्या भोकावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची आणि कड्यावरचा आकडा वाचायचा. ही झाली सूर्याची उंची. ती ९० मधून वजा करायची आणि त्यात त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून त्याचं उत्तर-दक्षिण अंतर अंशांत, मिळवायची, की अक्षांश हातात. लिस्बनला २१ जूनला सूर्य ७४.८ अंशांवर येतो. ९० वजा ७४.८ म्हणजे १५.२, त्यात २३.५ मिळवले की ३८.७, आणि लिस्बन आहेच ३८.७ अंशांवर.

चूक होते ती उष्ण कटिबंधात. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, मुंबईत मेच्या मध्याला. त्यानंतर काही आठवडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. २१ जूनला मुंबईत त्याची उंची ८५.६ अंश भरते, पण उत्तरेकडे. तेव्हा मिळवायचं नसतं, २३.५ मधून ४.४ वजा करायचे असतात, उत्तर १९.१. नेहमीच्या सवयीने मिळवलं तर २७.९ येतात. म्हणजे गलबत मुंबईसमोर आणि हिशेब राजस्थानात, जवळजवळ ९८० किलोमीटरची चूक! म्हणून क्रांतीची कोष्टकं आणि ती वापरायचे नियम हे पोर्तुगालचं खरं भांडवल होतं. त्यातली महत्त्वाची कोष्टकं अब्राहम झाकुतो या सालामांकाच्या ज्यू ज्योतिर्विदाची. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तो पोर्तुगालला आला, आणि १४९६ मध्ये त्याचं पंचांग लायरिया गावी छापलं गेलं. स्पेनने आपल्या हाताने विद्या प्रतिस्पर्ध्याच्या पदरात घातली. पोर्तुगालनेही लवकरच ज्यूंवर धर्मांतराची सक्ती केली आणि त्याला तिथूनही जावं लागलं.

हे सगळं अक्षांशाचं. रेखांशासाठी या संग्रहालयात त्या काळचं एकही उपकरण दिसणार नाही, कारण ते नव्हतंच. होकायंत्राची दिशा आणि वेगाचा अंदाज, एवढ्यावर काम चाले.

दिवस दुसरा, शनिवार : लिस्बन ते लागुश

सकाळी तेरैरू दु पासू, म्हणजे नदीकाठचा मोठा चौक. राजवाडा आणि 'काझा दा इंडिया' ही व्यापारकचेरी इथे होती. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात दोन्ही गेली. या कचेरीत राज्याचा मूळ नकाशा कुलपात असे. गलबत परत आलं की नवी माहिती त्यात चढवायची आणि बाहेर काही जाऊ द्यायचं नाही. तरीही १५०२ मध्ये आल्बेर्तो कांतीनो या इटालियन हस्तकाने १२ सोन्याच्या दुकातींना लिस्बनमध्ये एक प्रत करवून घेतली आणि फेर्राराच्या ड्यूककडे पोचवली. ती आज इटलीत मोदेनाला आहे. तिच्यावर तोर्देसियासची रेषा ठळक दिसते आणि हिंदुस्थानचा निमुळता त्रिकोणही.

तहाची कास्तिलकडून आलेली प्रत लिस्बनच्या तोरे दु तोंबू दप्तरखान्यात आहे. ती रोज मांडलेली नसते, त्यामुळे तेवढ्यासाठी तिथवर जाऊ नये.

दुपारी लागुशची गाडी. तूनेश स्टेशनवर बदलावी लागते, एकूण चारेक तास. बदलीला वेळ थोडा असतो; सामान दाराजवळ ठेवावं.

दिवस तिसरा, रविवार : लागुश आणि साग्रेश

लागुशमध्ये जुन्या गुलामबाजाराची जागा आहे. ऑगस्ट १४४४ मध्ये इथे आफ्रिकेतून पकडून आणलेले २३५ लोक उतरवून वाटून घेतले गेले. 'शोधां'चा खर्च कशातून निघत होता हे इथे समजतं, म्हणून ही जागा वगळू नये.

साग्रेशची बस तासाभराची. कड्यावरच्या किल्ल्यात दगडांचं चाळीसेक मीटर व्यासाचं वर्तुळ आहे, १९२१ मध्ये सापडलेलं. राजपुत्र हेन्रीची नौकानयनशाळा इथे भरायची असं वाटाडे सांगतात, पण ही शाळा मागाहून रचलेली कथा आहे. हेन्री १४६० मध्ये इथे वारला, एवढं पक्कं.

सहा किलोमीटरवर सांव विसेंत भूशिर. भर उन्हाळ्यातही वाऱ्याचं जाकीट लागतं. सूर्यास्त बघून परतणाऱ्यांची बस बहुधा चुकते आणि रविवारी तर गाड्या आणखी कमी, तेव्हा परतीची टॅक्सी आधीच ठरवावी. मात्र अंधार पडेपर्यंत थांबावंच. ध्रुवतारा इथे ३७ अंशांवर असतो, मुंबईत १९ वर. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश भरते. मुंबईत क्षितिजापासून दोन मुठींना थोडा कमी असलेला ध्रुव इथे जवळजवळ चार मुठी वर. बाळ ध्रुवाला अढळपद मिळालं असं आपण ऐकलेलं असतं, पण १५०० च्या सुमाराला ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता आणि रात्रभर त्याच्याभोवती फिरायचा. शेजारचे तारे कुठे आहेत ते बघून किती मिळवायचं, किती वजा करायचं, हे खलाशांना पाठ असावं लागे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तोही दिसेना, तेव्हा सूर्याची कोष्टकं आली.

दिवस चौथा, सोमवार : ग्वादियाना ओलांडून

आल्गार्वच्या रेल्वेने विला रियाल द सांतू आंतोनियू. बहुतेकदा फारूला गाडी बदलून. रेल्वे इथे संपते. समोर ग्वादियाना नदी, पलीकडे स्पेनचं आयामोंते. फेरीबोट दहा-पंधरा मिनिटांत पार नेते, पण घड्याळ त्या पंधरा मिनिटांत सव्वा तास पुढे जातं. प्रवासी फसतात ते इथेच: चारच्या बोटीने गेलो की साडेचारची वेल्वाची बस मिळेल असा हिशेब करतात आणि पलीकडे सव्वापाच वाजलेले असतात. बोटीची वेळ ज्या काठावर लिहिली असेल त्या देशाची धरावी.

एका तासाचा फरक म्हणजे १५ अंश रेखांश. लिस्बन आणि सेव्हिल यांच्यात खरा फरक जेमतेम ३ अंशांचा, म्हणजे १२-१३ मिनिटांचा. रेखांश म्हणजे वेळ, ही गोष्ट त्या काळच्या विद्वानांनाही पक्की ठाऊक होती. डुलत्या जहाजावर वेळ राखणारं घड्याळ तेवढं नव्हतं.

दिवस पाचवा, मंगळवार : ला राबिदा आणि पालोस

वेल्वाहून बसने ला राबिदाचा मठ. १४८५ मध्ये पोर्तुगालने नकार दिलेला कोलंबस इथे आला. लिस्बनच्या जाणकारांनी त्याला नाकारलं ते अडाणीपणाने नव्हे. कॅनरीपासून जपानपर्यंत २,४०० सागरी मैल, असं त्याचं गणित होतं. खरं अंतर १०,००० हून जास्त. पोर्तुगिजांचं मोजमाप बरोबर होतं. मधे एक अख्खं खंड आडवं आलं म्हणून कोलंबस वाचला.

खालच्या धक्क्यावर तिन्ही गलबतांच्या प्रतिकृती आहेत. चढल्यावर आधी मागे जाऊन सुकाणू पाहावं. लोखंडी खुंट्या वरून कड्यांत अडकवलेल्या, बस्स. 'पिंता'चं सुकाणू ६ ऑगस्ट १४९२ ला, निघाल्यापासून तिसऱ्याच दिवशी, असंच निसटलं आणि दोरांनी आवळून कॅनरीपर्यंत न्यावं लागलं. 'नीन्या'ची तिकोनी शिडं कॅनरीत उतरवून चौकोनी चढवली. तिकोनी शीड वाऱ्याला तिरकं कापत जायला उत्तम, पण पाठीवर सतत वारा असेल तर दर वळणाला लांब परबाण (शीड बांधायचं आडवं लाकूड) फिरवायला माणसं फार लागतात. कॅनरीतून पश्चिमेला निघालं की वारा पाठीवरच असतो. आणि कॅनरीतूनच का निघाला? अल्कासोवासच्या तहाप्रमाणे त्या बाजूला स्पेनच्या हातात तेवढीच बेटं होती.

पालोसचं बंदर गाळाने भरलंय. गिनीच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांच्या हद्दीत घुसखोरी करण्यात पालोसचे खलाशी मुरलेले होते. राजाज्ञेने गावावर दंड म्हणून दोन कॅराव्हेल (हलकी गलबतं) बारा महिने पुरवायची सक्ती झाली, ती कोलंबसच्या कामी आली. रात्री सेव्हिल.

दिवस सहावा, बुधवार : सेव्हिल

इंडीज दप्तरखाना कॅथीड्रलला लागूनच आहे, प्रवेश फुकट. इथे तोर्देसियासच्या तहाची पोर्तुगालने दिलेली प्रत असते. प्रत्येक देशाने दुसऱ्याने मान्य केलेला कागद जपून ठेवला, कारण भांडण झालं तर समोरच्याची सही आपल्याकडे हवी. आपल्याकडे खरेदीखत सांभाळतात तसंच. दालनात बहुतेक वेळा नक्कल मांडलेली असते.

मग अल्काझार हा राजवाडा, तिकीट आधी काढलं नाही तर सकाळ रांगेत जाते. आतल्या अ‍ॅडमिरलच्या दालनात १५०३ पासून 'कासा दे ला कोन्त्रातासियोन' या व्यापारकचेरीचा कारभार चाले. लिस्बनसारखाच इथेही एक मूळ नकाशा होता. तांडेलांची परीक्षा घेणारा पहिला मुख्य नाविक १५०८ मध्ये आमेरिगो व्हेस्पुची झाला.

संध्याकाळी नदीकाठ. तोरे देल ओरो या बुरुजाजवळ, मॅगेलनच्या ताफ्यातून पृथ्वीला फेरी घालून परतलेल्या 'व्हिक्टोरिया'ची प्रतिकृती असते, पण ती कधी कधी फेरीवर जाते. जेमतेम पंचवीसेक मीटर लांब. मॅगेलनची पाच जहाजं मूळ मापात १२०, ११०, ९०, ८५ आणि ७५ तोनेलची होती. 'व्हिक्टोरिया' ८५ ची. पोर्तुगालच्या पहिल्या मानुएल राजाने पगारवाढ नाकारल्यावर मॅगेलन १५१७ मध्ये या गावात आला. मलाक्क्याच्या पुढचे समुद्र त्याला माहीत होते आणि लवंगांची मोलुक्का बेटं रेषेच्या स्पेनकडच्या अर्ध्यात पडतात, असं त्याचं म्हणणं होतं. पोर्तुगालच्या वकिलाने त्याला परत फिरवायचा प्रयत्न केला. जमेना तेव्हा त्याने मानुएलला कळवलं, की जहाजं जुनी आहेत, यांच्यातून मी कॅनरीपर्यंतही जाणार नाही.

दिवस सातवा, गुरुवार : सानलूकार

बसने नदीच्या मुखाशी. १० ऑगस्ट १५१९ ला सेव्हिल सोडलेली जहाजं इथून २० सप्टेंबरला समुद्रात गेली. मुखाशी वाळूची आडवी दांडी आहे. भरती आणि वारा दोन्ही जुळल्याशिवाय भरलेलं जहाज ती ओलांडू शकत नसे. ओहोटीला बाहो दे गियाच्या काठावर उभं राहिलं तर पाण्याचा रंग जिथे बदलतो तिथे ही अडचण डोळ्यांना दिसते.

६ सप्टेंबर १५२२ ला एकटी 'व्हिक्टोरिया' परत आली, कप्तान एल्कानोसह १८ माणसं आणि पोटात पंचवीसएक टन लवंग. त्याआधी जुलैत अन्नासाठी केप व्हर्देला थांबावं लागलं होतं. आम्ही अमेरिकेहून येतोय, असं त्यांनी पोर्तुगिजांना सांगितलं. लवंगा दिसल्या आणि १३ जण पकडले गेले. तिथेच कळलं, की काठावर गुरुवार आहे आणि जहाजाच्या रोजनिशीत बुधवार. नोंद रोज केलेली, चूक सापडेना. सूर्याबरोबर पश्चिमेकडे पृथ्वीला फेरी घातली की एक दिवस कमी भरतो.

दिवस आठवा, शुक्रवार : बादाहोस आणि एल्वाश

सेव्हिलहून बसने बादाहोस, तीनेक तास. फार कमी लोक या कामासाठी इथे येतात, आणि तरी या प्रवासातला सगळ्यात मोलाचा दिवस हाच. मोलुक्का कोणाची, हे ठरवायला एप्रिल १५२४ मध्ये दोन्हीकडचे जाणकार सरहद्दीवरच्या काया नदीच्या पुलावर भेटले. मग आळीपाळीने बादाहोस आणि एल्वाशला बसले. स्पेनकडून एल्कानो आणि कोलंबसचा मुलगा एर्नांदो. पोर्तुगालकडून दियोगु लोपिश द सिकेरा, जो दोनच वर्षांपूर्वीपर्यंत पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता.

अडलं कुठे, ते आकड्यांत बघावं. तहात "केप व्हर्दे बेटांपासून" असं लिहिलंय, कुठल्या बेटापासून ते नाही. सर्वांत पूर्वेचं बोआ व्हिस्ता आणि पश्चिमेचं सांतू आंतांव यांच्या टोकांत २.७ अंशांचा फरक. मग लीग: एका अंशात साडेसतरा धरायच्या की १६⅔? पहिल्या मापाने त्या अक्षांशावर ३७० लीग म्हणजे २२ अंश, दुसऱ्याने २३. दोन्ही मिळून रेषा जवळपास चारशे किलोमीटर इकडेतिकडे सरकते. आणि हीच रेषा पृथ्वीच्या पाठीमागून जिथे निघते तिथे मोलुक्का! तिथपर्यंतच्या अंतराचा तर नुसता अंदाज. ब्राझीलला फायदा हवा तर पोर्तुगालने रेषा पश्चिमेला ढकलावी, पण मग पलीकडे मोलुक्का हातची जाते. स्पेनचं नेमकं उलटं. मेअखेर बैठक निकालाविना उठली.

१५२९ मध्ये सारागोसाच्या तहात स्पेनने ३,५०,००० दुकाती घेऊन हक्क सोडला. आज मोजलं तर मोलुक्का सुमारे १२७ अंश पूर्वेला, आणि रेषेची पाठची बाजू सर्वसाधारण हिशेबाने १३३ अंशांच्या आसपास. बेटं पोर्तुगालचीच होती. पोर्तुगालने स्वतःच्या मालाचे पैसे मोजले.

काया नदीपर्यंत टॅक्सीने जावं. उन्हाळ्यात पात्रात पाणी थोडंच असतं. एल्वाशची तटबंदी देखणी आहे, पण ती पुढच्या शतकातली.

दिवस नववा, शनिवार

बादाहोस ते माद्रिद रेल्वे, पुढे वेगवान गाडीने तासाभरात वायादोलिद. बादाहोसच्या गाड्या दिवसात मोजक्याच, आरक्षण आधी करावं. वायादोलिदला कोलंबस १५०६ मध्ये वारला, आणि २२ मार्च १५१८ ला मॅगेलनचा करारही इथेच झाला.

दिवस दहावा, रविवार : तोर्देसियास

वायादोलिदहून बस अर्ध्या तासात पोचते. सकाळीच जावं, रविवारी दुपारनंतर ठिकाणं मिटतात आणि परतीच्या गाड्या विरळ असतात. दुएरो नदीच्या वर तहाची घरं आहेत. ७ जून १४९४ ला इथे तह झाला. आदल्या वर्षी पोपने १०० लीगांवर रेषा दिली होती. पोर्तुगालने हट्टाने ती ३७० वर नेली. म्हणूनच १५०० मध्ये कब्राल ज्या किनाऱ्याला लागला तो ब्राझील पोर्तुगालच्या वाट्यात पडला. आणि म्हणून ब्राझीलचा काजू पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्यात आला, तिथून कोकणात पसरला. वेंगुर्ल्याच्या डोंगरउतारावर आज जो काजू उभा आहे, त्याची वाट या गावातून गेलेली आहे.

तहात एक कलम आहे, ते जरूर वाचावं. दहा महिन्यांच्या आत दोन्ही राजांनी सारख्या संख्येने कॅराव्हेल पाठवाव्यात, सगळ्यांनी ग्रान कॅनरीला जमावं, प्रत्येक जहाजावर दोन्हीकडचे तांडेल आणि ज्योतिषी असावेत, केप व्हर्देहून सरळ पश्चिमेला ३७० लीग मोजत जावं आणि जमीन लागली तर तिथे खूण उभारावी. ती जहाजं निघालीच नाहीत.